सीतेची आसवं आणि जपानी अक्षरं

सप्टेंबरात कासच्या सड्यावर कोणीतरी चिखलात पालथं पडलेलं हमखास दिसतं. समोर जेमतेम सेंटिमीटरभराचं जांभळं फूल, सीतेची आसवं, आणि त्याला जवळजवळ टेकलेली लेन्स. मीही तसाच पडतो. कोपराला जांभा टोचतो, शर्ट पोटापाशी भिजतो आणि बटण दाबायच्या नेमक्या क्षणी वारा सुटतो. नाव कितीही हळवं असलं तरी ही आसवं मातीखाली इवल्याशा पिशव्या लावून सूक्ष्म जीव गिळतात. पिशव्या फोटोत येत नाहीत, म्हणून अब्रू शाबूत.

या पालथं पडण्याची वंशावळ शोधायला गेलो, तर जुने पूर्वज सगळे टेबलापाशी बसलेले सापडले. रानात कोणीच नाही.

मूळ पुरुष ही एक बाई, आणि तिने हे काम केलं ते कॅमेऱ्याशिवाय. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइपची निळी छपाई शोधली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी ती समुद्रशेवाळांसाठी वापरली. लोहक्षार लावलेल्या कागदावर शेवाळ पसरायचं, वर काच दाबायची, उन्हात ठेवायचं आणि पाण्यात धुवायचं. शेवाळाची जागा पांढरी राहते, बाकी कागद गर्द निळा. नंतर नेचे आणि फुलझाडंही त्यांनी अशीच छापली. वस्तू जेवढी, ठसा तेवढाच. आजच्या मॅक्रो लेन्सवर ‘१:१’ कोरलेलं असतं, ते हेच माप.

पुढे कॅमेरा आला तरी माणूस फुलापाशी जाईना, फुलालाच घरी यावं लागे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधले एडविन हेल लिंकन रानफुलं मुळासकट काढून आणत, फोटो काढत आणि पुन्हा जागच्या जागी नेऊन लावत. एवढी सभ्यता सगळ्यांकडे नव्हती.

कार्ल ब्लॉसफेल्ट यांच्याकडे तर मुळीच नव्हती. बर्लिनच्या कला-उद्योग शाळेतले हे मास्तर तरुणपणी लोखंडी ओतकाम शिकलेले. लोखंडी जाळीला, खांबाला नक्षी कुठली द्यायची, तर ती झाडाकडून घ्या, हे त्यांना पोरांना शिकवायचं होतं. त्यासाठी रस्त्याकडेचं, रेल्वेच्या भरावावरचं तण गोळा करायचं, नको ती पानं छाटायची आणि पुठ्ठ्यासमोर देठ उभा करायचा. घरगुती बनावटीच्या कॅमेऱ्याने काचेवर घेतलेली ही चित्रं ते कित्येक पट मोठी करत. अश्वपुच्छाचं टोक मिनारासारखं, नेच्याचा कोवळा कोंभ बिशपच्या दंडासारखा. तीसेक वर्षं ही चित्रं वर्गात तक्त्यांसारखी वापरली गेली. १९२८ मध्ये ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ हे पुस्तक निघालं आणि साठी उलटलेले मास्तर एकाएकी आधुनिक कलावंत ठरले. जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामिनने त्यावर लिहिलं. मला मात्र त्या देठांकडे पाहताना कात्रीच आठवते. त्यांच्या फुलांवर कधी वारा आलाच नाही.

रानात उतरायला अडचण साध्या आडाख्याची होती. हातात धरायच्या बहुतेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर लेन्सच्या शेजारी असे. लांबच्या डोंगराला त्याने फरक पडत नाही, पण वीतभर अंतरावर डोळ्याला दिसे एक आणि फिल्मवर उमटे दुसरं. फुलाचं डोकंच कापलं जाई. १९३६ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टासारखे, लेन्समधूनच पाहू देणारे छोटे एसएलआर आले आणि हा तिढा सुटला. मध्ये नळ्या किंवा भाता जोडला की हवं तेवढं जवळ जाता येई.

राहिली लेन्स. निकॉनची मायक्रो-निक्कोर १९५६ ची, आणि तिचा फुलांशी काडीचा संबंध नव्हता. कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवताना रोमन अक्षरं निभावून जात. जपानी कांजी (आपली प्यायची नव्हे) मात्र गचपणाने भरलेली. आकार लहान केला की रेघांचा गोळा होई. त्या रेघा सुट्या राहाव्यात म्हणून ही लेन्स घडवली. १९६१ मध्ये तिचा ५५ मिलिमीटरचा एसएलआर अवतार आला, थेट १:१ पर्यंत जाणारा. दप्तरी कामाची ती लेन्स परागकोशावर वळली, ती अशी.

फोटो निघाला तरी नाव कळायला हवं. आपल्याकडे पूर्वी सह्याद्रीतलं फूल ओळखायचं तर थिओडोर कुक यांचा ‘मुंबई इलाख्याचा फ्लोरा’ उघडायचा, १९०१ ते १९०८ मधला. नुसता मजकूर, तोही लॅटिनमिश्रित. पुण्याचे अभियंते श्रीकांत इंगळहळीकर यांचं फोटोंचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ २००१ मध्ये आलं आणि आमच्यासारख्यांच्या पाठपिशवीत जाऊन बसलं.

१:१ ला गेलं की एफ ८ वरही जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. पाकळी धरली तर शुंड सुटते. म्हणून आता फोकस इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने सरकवत वीस-तीस फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. तेवढा वेळ फूल हलता कामा नये. परवा सोबत्याने छत्री आडवी धरली, तरी सातव्या फोटोला देठ थरथरलाच.

कंटाळून उठलो. ओल्या गवतात माझा ठसा उमटला होता. गुडघे, पोट, दोन कोपरं. उजव्या कोपराच्या खळग्यात दवबिंदू नावाच्या वनस्पतीची दोन रोपं चपटी झालेली. माप एकास एक.