उद्याच्या उत्पन्नावर आजची फौज

कर्जात बुडालेल्या बार्सिलोना फुटबॉल क्लबाने २०२२ साली आपल्या स्पॅनिश लीगच्या दूरचित्रवाणी उत्पन्नाचा चौथा हिस्सा २५ वर्षांकरिता विकला व त्या बळावर नवे खेळाडू घेतले. श्रोतेहो, नांदेड-लातूरच्या भूमीस हा व्यवहार अपरिचित नाही.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असता, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील फौजेचे पगार भागविण्यासाठी पेशकार चंदुलालाने हैदराबादच्या पामर आणि मंडळी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढले. बोजा अर्थातच रयतेच्या महसुलावर! पुढे पेढीचे देणे वारण्यासाठी, आंध्र किनाऱ्यावरील उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश १८२३ साली सुमारे १ कोटी १६ लाखांवर कायमची सोडून दिली गेली. सावकार गेला, फौज मात्र राहिली, आणि तिचा खर्चही. आता धनको झाले ते खुद्द इंग्रज. १८५३ साली त्यांनी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि लातूरलगतचा धाराशिव प्रांत ताब्यात घेतला. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुमारे ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र परतले नाही. १९०२ साली ते दरसाल २५ लाखांच्या खंडाने इंग्रजांस कायमचे देण्यात आले.