महाविद्यालयाची फी आणि रयतेचा पैसा

महाविद्यालयीन शिक्षण मोफत असावे काय, आणि असल्यास त्याचा भार करदात्याने का सोसावा, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. शिकून नोकरी ज्याने करायची, पगार ज्याने घ्यायचा, त्याची फी दुसऱ्याने का भरावी, असे एक पक्ष विचारतो. मग गरिबाच्या मुलाने शिकूच नये काय, असा दुसऱ्याचा सवाल असतो. दोघांनाही हा प्रश्न आजचा वाटतो. वस्तुतः महाराष्ट्रात तो निदान एकशेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याच्या इतिहासात आपल्या पुसदचाही वाटा आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या घामाचा आहे आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मुख्य तक्रार होती. करदात्याच्या पैशावर महाविद्यालय चालवावे काय, या वादातला हा आपल्याकडचा पहिला जोरकस आक्षेप म्हणावा लागेल. आणि तो श्रीमंत करदात्याच्या बाजूने नव्हे, तर रयतेच्या बाजूने घेतलेला आहे. मात्र सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, असे जोतीराव म्हणाले नाहीत. उलट तसे केल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असेच त्यांनी बजावले. शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत विद्येचा शिरकाव झालेला नाही त्यांना मिळाव्यात, ही त्यांची मागणी होती. पुढे त्याच आयोगाने आपल्या अहवालात मुसलमान विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार केला आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांत त्यांच्यासाठी काही जागा मोफत राखून ठेवण्याची शिफारस केली. म्हणजे फीमाफी ही कल्पना आपल्याकडे प्रथमपासूनच ‘कोणासाठी’ या प्रश्नासह आली आहे. सरसकट माफी हा विचार बराच नंतरचा.

जोतीरावांचे निवेदन मुंबई इलाख्यापुरते होते, परंतु वऱ्हाडचे चित्र काही निराळे नव्हते. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेला हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. सारा येथून नियमित वसूल होई. महाविद्यालय मात्र एकही नव्हते. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, त्यानंतर तो यवतमाळला जोडला गेला. पण जिल्हा बदलला म्हणून कॉलेज जवळ आले नाही. १८८३ चे हिस्लॉप आणि १८८५ चे मॉरिस, ही दोन्ही कॉलेजे नागपुरात. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघायला १९२३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत वऱ्हाडच्या शेतकऱ्याने सारा भरावा आणि पोराला पदवी हवी असेल तर परगावी खोली करून द्यावी, अशी रीत होती. ज्याला ते झेपे त्याचाच मुलगा शिके.

गहुलीच्या तांड्यावरचे वसंतराव नाईक हे याचे ठळक उदाहरण. १९१३ साली जन्मलेला बंजारा समाजातला हा मुलगा गावोगावच्या शाळा करीत अमरावतीस आणि तेथून नागपूरला मॉरिस कॉलेजात गेला, १९४० साली वकील झाला. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे प्रमुख आणि जमीनदार होते, म्हणून हे जमले. शेजारच्या झोपडीतल्या पोराला बुद्धी असती तरी जमले नसते. (ज्या मॉरिस कॉलेजात ते शिकले त्याच संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.)

फीच्या प्रश्नाला पहिले मोठे सरकारी उत्तर मिळाले ते यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, १९५९ साली. आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीयांसाठीची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ई.बी.सी.ची सवलत ती हीच. जात न विचारता पालकाचे उत्पन्न विचारावे, मर्यादेच्या आत असेल त्याची फी सरकारने भरावी. ही मर्यादा आरंभी वर्षाला ९०० रुपये होती, लवकरच ती १२०० झाली. रक्कम आज हास्यास्पद वाटेल. पण खेड्यापाड्यांतून पदवीधर झालेली पहिली पिढी बव्हंशी या सवलतीवर शिकली, आणि त्यांत मुसलमान शेतकऱ्यांची, विणकरांची, छोट्या दुकानदारांची मुलेही होती. १९६३ ते १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदी खुद्द वसंतराव होते आणि तालुक्याच्या गावी महाविद्यालय ही गोष्ट याच सुमारास नवलाची राहिली नाही. पुसदच्या फुलसिंग नाईक महाविद्यालयामुळे बी.ए. करण्यासाठी घर सोडण्याची गरज उरली नाही. माझ्या मते फीमाफीइतकेच महत्त्व या अंतर कमी होण्याला आहे.

पैसा कोठून आला, हेही पाहू. १९६२ साली महाराष्ट्राने शिक्षण उपकराचा कायदा केला. शहरातील जमिनी-इमारती आणि नगदी पिकांखालील शेती यांवर हा उपकर बसला. करदाता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्राप्तिकर भरणारा पगारदार येतो. तो तर आहेच. पण काडेपेटी, कापड, चहा-साखर घेणारा मजूरही विक्रीकर देत होता आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर देत आहे. त्याचा मुलगा सातवीत शाळा सोडत असेल आणि बागाईतदाराचा मुलगा सरकारी खर्चाने पदवी घेत असेल, तर जोतीरावांची तक्रार आजही तशीच उभी आहे असे म्हणावे लागेल. सर्वांनाच कॉलेज फुकट, ही घोषणा मला म्हणूनच पटत नाही. उत्पन्नाची अट असलीच पाहिजे. दाखले खोटे निघतात हे खरे. पण त्यासाठी दाखले तपासावेत, अट काढू नये.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. गावात इंजिनिअर घडू लागले, ही गोष्ट लहान नाही. पण राज्यभर याच वाटेने देणगीचा सुळसुळाट झाला आणि १९८७ साली कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आणली. म्हणजे एका विद्यार्थ्याची फी सरकारऐवजी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बापाने भरायची. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेच ती व्यवस्था मोडीत काढली, हे बरेच झाले.

आपल्या समाजाचे काय? २००६ च्या सच्चर समितीला असे आढळले की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवीधर वा पदविकाधारक सुमारे सात टक्के आहेत, मुसलमानांत मात्र चार टक्क्यांहूनही कमी. ई.बी.सी. सवलत सुरू होऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती. फी माफ होऊनही मुले पोहोचत नव्हती, कारण ती दहावीच्या आतच गळत होती आणि जी टिकत त्यांना शहरातल्या खाणावळीचे पैसे भरणे झेपत नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी हे कधीच ओळखले होते. १९०६ साली कोल्हापुरात त्यांनी मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे केले. जातीजातींची वसतिगृहे हाच त्यांचा शिक्षणप्रसाराचा मार्ग होता. आधी मुलाच्या जेवणाची सोय, मग फीची गोष्ट.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ करण्याचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागासवर्गीय अशा दोन्ही मुलींना तो लागू असल्याने आपल्या पुष्कळ मुली त्यात बसतात. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की ही माफी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच आहे. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही. राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना तिचा आधार मिळतो. आपल्या भागात कापूस वेचायला जाणाऱ्या भूमिहीन बायांची नावे मात्र मजुरांच्या अशा कोणत्या नोंदवहीत सहसा सापडत नाहीत.