कंपनी : एका शब्दाची वाटचाल

इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द शेकड्यांनी मोजावे लागतील. परंतु 'कंपनी' या शब्दाइतके आपल्या इतिहासात खोलवर शिरलेले शब्द थोडेच. त्याची व्युत्पत्ती मोठी बोधप्रद आहे. लॅटिन भाषेत 'कुम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र बसून भाकरी खाणारे ते सोबती, आणि त्यांचा मेळा ती कंपनी. याच 'पानिस'पासून पोर्तुगीजांच्या मार्फत आपला 'पाव' आला. तेव्हा पाव आणि कंपनी ही एकाच कुळातील भावंडे होत.

तथापि आपल्या पूर्वजांना हा शब्द भेटला तो अगदी निराळ्या रूपात. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह करून त्याच व्यापाऱ्यांच्या कंपनीची फौज रक्षणासाठी पत्करली, आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. लोक तिला 'कुंपणी सरकार' म्हणत. उच्चारातील साम्य हा केवळ योगायोग होय. परंतु कुंपणानेच शेत खाल्ले, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. १८५८ मध्ये तिचे राज्य गेले, १८७४ मध्ये ती स्वतःही विसर्जित झाली.

शब्द मात्र उरला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. अशा संस्था स्वतःस 'मंडळी' म्हणवीत. जनता त्यांना 'नाटक कंपनी' म्हणे. गावोगाव एक बिऱ्हाड, एक मुदपाकखाना, एक पंगत! मूळ अर्थ असा नकळत साधला गेला. परंतु एका पंगतीत बसल्याने मालक आणि पगारी नट यांतील अंतर मिटत नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापिली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. तंत्रज्ञ आणि कलावंतच येथे भांडवलाचेही धनी होते.

आज आमच्या सदाशिव पेठेत विवाहाची बोलणी चालू झाली, की 'मुलगा कोणत्या कंपनीत?' हा प्रश्न प्रथम येतो. येथे कंपनी म्हणजे नोकरीचे ठिकाण. भागीदारीचा अर्थ त्यात उरलेला नाही. उलट 'जरा कंपनी द्या' म्हटले, की तीच कंपनी पुन्हा सोबत होते! आणि २०१३ च्या कायद्याने तर एकट्या व्यक्तीलाही कंपनी काढण्याची मुभा दिली आहे. व्युत्पत्ती पाहता हा शब्दाचा विपर्यासच. परंतु शब्द व्याकरणाला विचारून चालत नाहीत. आपण एवढे मात्र विचारावे, की ज्या संस्थेस आपण कंपनी म्हणतो, तेथे भाकरी थापणाऱ्याच्या वाट्याला ती किती येते?