कंपनीची दुहेरी मोहोर आणि तिच्या नंतरच्या आवृत्त्या

ईस्ट इंडिया कंपनीने 1835 साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच नाणेपद्धत ठरवली. रुपया चांदीचा, एक तोळ्याचा म्हणजे 180 ग्रेनचा. मोहोर तेवढ्याच वजनाची, बावीस कॅरट सोन्याची. मोहरेचे मोल 15 रुपये, दुहेरी मोहरेचे 30. कोलकात्याच्या टाकसाळीत पाडलेल्या या दुहेरी मोहरेवर एका बाजूला चौथ्या विल्यमचा मुखवटा आहे, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडापुढून चाललेला सिंह. मोल इंग्रजीत 'टू मोहर्स' आणि फारसीत 'दो अशरफी' असे दोनदा कोरलेले.

गंमत म्हणजे ज्या कायद्याने हे नाणे आले, त्यानेच सोन्याचे कोणतेही नाणे कायदेशीर चलन असणार नाही असे जाहीर केले. कारभार चांदीवर चालणार होता. 1841 पासून सरकारी खजिने ठरलेल्या भावाने मोहरा घेऊ लागले खरे. पण कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोने सापडून ते स्वस्त होण्याची भीती निर्माण झाल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीच्या सरकारने 1853 च्या आरंभापासून तीही सोय बंद केली. बाजारात फारशी न फिरलेली दुहेरी मोहोर त्यामुळे लवकरच संग्राहकांची वस्तू झाली.

ती मागणी टाकसाळींनीच पुरवली. कोलकाता आणि मुंबईच्या टाकसाळींकडे जुने ठसे जपून ठेवलेले होते. संग्राहकांसाठी ते बाहेर काढून, चकचकीत करून, कोऱ्या चकत्यांवर पुन्हा नाणी पाडली जात. नाणेशास्त्रात त्यांना 'रिस्ट्राइक' म्हणतात. हा परिपाठ स्वातंत्र्यानंतरही चालू होता आणि 1970 च्या सुमारास थांबला. ही नाणी बनावट नव्हेत: टाकसाळ अधिकृत, ठसाही बहुधा अस्सल. फक्त नाण्यावरचे साल खोटे. भिंगाखाली पाहिले की काही खुणा दिसतात. गंजलेल्या ठशातल्या खळग्यांमुळे नाण्याच्या पृष्ठभागावर पुरळासारखे बारीक उंचवटे येतात, ठशाला गेलेला तडा उठावाची रेघ होऊन उमटतो, आणि ठसा वारंवार घासल्याने केसांच्या बारीक बटा पुसट होतात. कधी एका नाण्याचा मुखवटा आणि दुसऱ्याची मागची बाजू अशी जोडीही जमवली गेली; चलनात असे नाणे कधीच नव्हते.

मुंबईचा वाटा पुढे वेगळ्या कारणाने वाढला. पहिल्या महायुद्धात सोन्याची समुद्रातून ने-आण अवघड झाली, तेव्हा लंडनच्या रॉयल मिंटची शाखा फोर्टातल्या टाकसाळीत उघडली गेली. तिथे 1918 या सालाचे सुमारे 13 लाख सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याची नाणी, पाडले गेले. सालाच्या वर, चित्रातल्या जमिनीच्या रेषेवरचे 'आय' हे अक्षर त्यांची ओळख. शाखा सुरू होण्याआधी त्याच टाकसाळीने पंचम जॉर्जचे 15 रुपयांचे सोन्याचे नाणे काढले होते. 1835 च्या मोहरेत शुद्ध सोने 165 ग्रेन, या नाण्यात जेमतेम 113. दोन्हींचे मोल मात्र 15 रुपयेच. मधल्या काळात सोन्याच्या तुलनेत रुपया किती घसरला, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा या दोन नाण्यांवरून पटकन कळते.

2013 मध्ये एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने रॉयल मिंटच्या परवान्याने हरियाणातल्या मेवातमध्ये 'आय' खुणेचे सॉव्हरिन पुन्हा पाडायला सुरुवात केली. हा रिस्ट्राइक नव्हे: ठसा नवा, मुखवटा एलिझाबेथचा आणि सालही चालू. त्यामुळे ते जुन्या नाण्याचे वारस असले तरी त्यांना कोणी जुने समजण्याचा धोका नाही. प्रामाणिकपणात ते टाकसाळीच्या रिस्ट्राइकपेक्षा सरस ठरतात.

महाराष्ट्रात सॉव्हरिनला गिनी म्हणतात आणि ती बहुतेक घरांत दागिना म्हणूनच आली. व्हेनिसच्या डकॅटवरून घडलेल्या पुतळ्यांच्या माळेची सवय त्याआधीपासून होतीच. सराफासाठी कडी डाखलेली गिनी सोन्याच्या भावाने चालते. संग्राहक ती खराब झालेली मानतो. नाणे विकत घेताना मूळ आणि रिस्ट्राइक यांतला फरक किमतीपुरता नाही, कायद्यातही आहे. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 1835 ची अस्सल दुहेरी मोहोर यात येते, आणि आता 1918 चा मुंबईचा सॉव्हरिनही.