पैज, शर्त आणि सट्टा : फुटबॉलच्या अखेरच्या फेऱ्यांवरील पणाच्या निमित्ताने काही शब्दांचा इतिहास

उदगीर हे नाव इतिहासाच्या वाचकास मुख्यतः फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे परिचित आहे. भाषेच्या अभ्यासकास ते निराळ्या कारणाने महत्त्वाचे वाटावे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार भाषा ज्या थोड्या गावांच्या बाजारात एकमेकींस रोज भेटत आल्या, त्यांपैकी हे एक होय. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बीदर म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर मुंबई राज्यात आले. पुढे उस्मानाबाद व १९८२ पासून लातूर असा त्याचा जिल्हा बदलत गेला. राज्यकर्त्यांनी आखलेली सीमा एका दिवसात हलते. शब्दांची सीमा तशी हलत नाही, आणि खेळावर पैसे लावण्याच्या व्यवहारातील शब्द घेतले तर हे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

दोन संघांच्या खेळास मराठीत ‘सामना’ म्हणतात. त्यात समोरासमोर येणे एवढाच अर्थ आहे. पैशाचा वा पणाचा गंध नाही. उदगीरपासून थोडे दक्षिणेस गेले की कानडी मनुष्य त्याच खेळास ‘पंद्य’ म्हणतो, आणि या शब्दाचा अर्थ सामना असा आहे तसाच पैज असाही आहे. पूर्वेकडील तेलुगूत ‘पंदेम’ म्हणजे होड, आणि घोड्यांच्या शर्यतीसही तोच शब्द. दखनी बोलणारा ‘शर्त’ लावतो. ही ‘शर्त’ मूळची अरबी. तिचा अर्थ अट. मराठीने ती उचलली व तिची दोन रूपे केली. ‘शर्त’ हे रूप अटीच्या अर्थाने राहिले, तर ‘शर्यत’ हे रूप धावण्याच्या चुरशीकडे गेले. बैलगाड्यांची शर्यत म्हणताना आज कोणाच्याही मनात अट येत नाही. अर्थाची ही फारकत दिसते त्याहून महत्त्वाची आहे, कारण पणाच्या व्यवहाराचा सारा जीव अटीत असतो.

‘पैज’ या शब्दाची कुळी अधिक प्रतिष्ठित आहे. तो संस्कृत ‘प्रतिज्ञा’ शब्दापासून प्राकृताच्या मार्गाने आला. ज्ञानेश्वरीत मराठीच्या गोडव्याविषयीची जी ओवी सर्वांच्या परिचयाची आहे, तीतही तो आढळतो. पैज म्हणजे आधी दिलेला शब्द. पैसा मागाहून आला. म्हणूनच ‘पैजेचा विडा’ आणि ‘विडा उचलणे’ हे प्रयोग मराठीत शौर्याच्या प्रसंगी शोभून दिसतात, आणि पैज हरणाऱ्याची नामुष्की ही पैशाच्या नुकसानीहून मोठी समजली जाते. पैजेस दोन माणसे लागतात, ती एकमेकांस ओळखतात, आणि बहुधा साक्षीला तिसरा असतो.

‘जुगार’ शब्दाची गोष्ट उलट आहे. संस्कृत ‘द्यूतकार’ म्हणजे फासे खेळणारा. त्याचे झिजलेले रूप म्हणजे ‘जुगार’. कर्त्याचे नाव क्रियेस मिळाले, आणि मग कर्त्यासाठी ‘जुगारी’ असा नवा शब्द बनवावा लागला. व्यसन माणसास कसे व्यापते याचे इतके नेमके उदाहरण शब्दकोशात दुसरे सापडणे कठीण!

राहिला ‘सट्टा’. व्यापाराच्या वाटेने मराठीत रुळलेला हा शब्द अदलाबदल या अर्थाच्या प्राकृत शब्दाशी जोडला जातो. मराठी ‘साटेलोटे’ यातील ‘साटे’ त्याचाच सगोत्र आहे. सट्ट्यात शब्द दिला जात नाही, जोखीम विकली जाते. तिला भाव असतो, तो चढतो व उतरतो, आणि विकत घेणाऱ्यास विकणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही. पैज आणि सट्टा यांतील भेद रकमेच्या लहानमोठेपणाचा नसून व्यवहाराच्या जातीचा आहे.

तथापि व्यापार आणि पण यांची सरमिसळ अलीकडची आहे असे समजणे चुकीचे ठरेल. ‘पण्’ या धातूचे दोन अर्थ आहेत, देवघेव करणे आणि पणास लावणे. ‘पण्य’ म्हणजे विकाऊ माल व ‘आपण’ म्हणजे दुकान हे शब्द त्याच धातूचे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात ‘व्यवहृ’ आणि ‘पण्’ हे धातू समानार्थी असताना त्यांच्या कर्मास षष्ठी विभक्ती सांगितली आहे, आणि द्यूत व क्रयविक्रय या दोन क्षेत्रांत ते समानार्थी होतात असे टीकाकारांनी स्पष्ट केले आहे. व्याकरणाला जे एक दिसले ते पुढे न्यायालयास वेगळे करावे लागले. एप्रिल १९५७ मध्ये, मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे असा निर्णय दिला. त्यासाठी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या विलापापासून स्मृतींपर्यंतचे दाखले न्यायमूर्तींनी दिले.

मुंबईतील पणाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार आढळते : पैसे लावणारे येथे, आणि ज्यावर लावावयाचे ती घटना दूर. १८४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलेल्या खटल्यातील मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कलकत्त्याच्या लिलावातील अफूच्या सरासरी भावावर होड लावली होती. ती होड कायदेशीर ठरली, आणि त्याच वर्षी सरकारने असे करार निरर्थक ठरविणारा कायदा केला. पुढे ठरलेल्या वेळात ठरल्याइतका पाऊस पडेल की नाही यावर सट्टा चालू झाला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या शब्दांत पाऊस बसेना, तेव्हा १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागत. ते आकडे येणे थांबल्यावर, १९६० नंतरच्या काळात, मटक्यातून चिठ्ठ्या अथवा पत्ते काढून आकडा ठरविण्याची रीत आली आणि भांड्याचे नाव जुगारास मिळाले. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे कापसाचे शब्द मात्र मटक्यात तसेच राहिले, कापूस गेला तरी. उदगीरकडे या काळात हैदराबाद संस्थानचा १३०५ फसलीचा जुगारविषयक कायदा लागू होता; राज्य बदलल्यावर मुंबईचा कायदा आला. आजही वर्तमानपत्रांतील पोलीस-वार्तांत त्याची कलमे आकड्यांनी उल्लेखिली जातात, इतकी ती परिचित झाली आहेत.

दूरच्या घटनेचे आकर्षण कशात आहे? घटना दूर असली म्हणजे तिच्यात हात घालता येत नाही असा दोन्ही पक्षांस विश्वास वाटतो. फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा या दृष्टीने अफूच्या लिलावाचीच वंशज होय. १९८६ ची स्पर्धा दूरदर्शनवर दिसली तेव्हा घटना दूरच राहिली, परंतु ती डोळ्यांपुढे आली. विश्वास मात्र सर्वस्वी साधार नव्हता. इटलीत १९८० मध्ये सामन्यांचे निकाल सट्ट्यासाठी ठरविल्याचे उघडकीस आले आणि अनेक खेळाडूंवर बंदी आली. त्यांतील पाओलो रोसी हा बंदी संपल्यावर १९८२ च्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे सहा, गोल करणारा ठरला.

आता अखेरच्या फेऱ्यांकडे वळावयाचे. १९९८ ते २०२२ या काळात स्पर्धेत ३२ संघ व ६४ सामने असत. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे सामने, तिसऱ्या क्रमांकाचा धरून, केवळ आठ. आरंभी ‘चषक कोणाचा’ या एका प्रश्नास बत्तीस उत्तरे असतात व दुबळ्या संघाचा भाव फार मोठा असतो. शेवटी दोनच उत्तरे उरतात. दोन्ही संघ तुल्यबल मानले आणि प्रत्येकावर शंभर रुपयांस नव्वद रुपये नफा असा भाव दिला, तर बरोबरी साधण्यासाठी लावणाऱ्यास शंभरातून जवळजवळ ५२.६ वेळा जिंकावे लागते. दोन्ही बाजूंची बेरीज १०५ हून थोडी अधिक होते. शंभरावरचे हे पाच म्हणजे मध्यस्थाचा नफा, आणि तो कोणीही जिंकले तरी त्याचाच. पैजेत असा तिसरा नसतो. साक्षीदारास हिस्सा मिळत नाही.

उत्तरे कमी झाली म्हणजे सट्टा मंदावेल असे वाटते, पण घडते उलट. सामने थोडे उरतात म्हणून अटी वाढविल्या जातात : पहिला गोल कोण करील, एकूण गोल किती, मध्यंतरापूर्वी काय होईल. एक सामना अनेक शर्तींत फोडला जातो आणि येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. ‘अमुक संघ जिंकेल’ हे मराठी वाक्य ऐकणाऱ्यास पूर्ण वाटते. सट्ट्याच्या व्यवहारात ते अपुरे आहे. सामन्याच्या निकालावरील पण साधारणतः नव्वद मिनिटांच्या, अधिक वाया गेलेल्या वेळेच्या, खेळापुरता मानला जातो. जादा वेळ व पेनल्टी त्यात येत नाहीत. चषक कोण नेतो यावरील पण निराळा. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना व फ्रान्स यांचा अंतिम सामना नव्वद मिनिटांअखेर २-२, जादा वेळेनंतर ३-३ असा बरोबरीत राहिला, आणि पेनल्टींवर अर्जेंटिनाने ४-२ असा चषक घेतला. ज्याने ‘अर्जेंटिना सामना जिंकेल’ यावर अशा रीतीने पैसे लावले तो हरला. ज्याने ‘अर्जेंटिना चषक जिंकेल’ यावर लावले तो जिंकला. रस्त्यात नाचणाऱ्या दोघांपैकी एकाचा खिसा रिकामा होता, आणि दोघांच्या तोंडी क्रियापद एकच होते.

हा अपवाद म्हणावा तर तसेही नाही. १९९४ पासून २०२२ पर्यंतच्या आठ अंतिम सामन्यांपैकी पाच, म्हणजे १९९४, २००६, २०१०, २०१४ व २०२२ चे, नव्वद मिनिटांत सुटले नाहीत. १९५० च्या स्पर्धेत तर औपचारिक अर्थाने अंतिम सामनाच नव्हता. चार संघांचा अंतिम गट होता, आणि १६ जुलैच्या शेवटच्या सामन्यात ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. उरुग्वेने तो २-१ असा जिंकून चषक नेला. त्या दिवशी ‘ब्राझील जिंकेल’ आणि ‘ब्राझील अजिंक्य ठरेल’ या दोन निरनिराळ्या शर्ती होत्या.

हैदराबादच्या आठवणीत अशाच भेदाचे एक जवळचे उदाहरण आहे. उदगीर हैदराबाद राज्यातून बाहेर पडल्यास पुरता महिनाही झाला नव्हता, तेव्हा मेलबर्न येथे ऑलिंपिक चालू झाले. भारतीय फुटबॉल संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते, आणि तुळशीदास बलराम व झुल्फिकारुद्दीन हे त्या परिसरातले खेळाडू संघात होते. ज्या हैदराबाद सिटी पोलीस संघास रहीम यांनी घडविले, त्याने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वेळा घेतला होता. भारताने ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. त्यात तीन गोल नेव्हिल डिसोझांचे. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताने केला आणि सामना १-४ असा गमावला. ‘भारत आधी गोल करील’ अशी पैज घेणारा जिंकला असता व ‘भारत जिंकेल’ म्हणणारा हरला असता. अभिमानाने बोलणारा मनुष्य या दोन वाक्यांत फरक करीत नाही. सट्टा घेणाऱ्याची उपजीविका त्या फरकावर चालते.

यास्तव अखेरच्या फेऱ्यांत पैज आणि सट्टा यांचा घोटाळा सर्वांत अधिक होतो असे म्हणावे लागते. दोनच पक्ष उरल्यामुळे व्यवहाराचे बाह्य रूप पैजेसारखे दिसते. मित्रामित्रांत बोललेल्या शब्दासारखे ते निरुपद्रवी वाटते. आतील रचना मात्र भाव, मध्यस्थ आणि बारीक अटी यांचीच असते. मुंबईच्या सट्टेबाजांच्या बोलीत पण लावणे म्हणजे ‘लगाना’ आणि तो स्वीकारणे म्हणजे ‘खाना’. लावणाऱ्यास हे दुसरे क्रियापद ऐकू आले असते तर कदाचित त्याने थोडा विचार केला असता. हरलेल्या रकमेचे स्वरूपही बदलते. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने होडीचा करार निरर्थक आहे. विशिष्ट रकमेच्या बक्षिसाच्या घोड्यांच्या शर्यतीपुरता अपवाद. जिंकलेला पैसा न्यायालयातून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असा करार निरर्थक असला तरी बेकायदा असेलच असे नाही, हा भेद केला होता. परंतु जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ पासूनच आनुषंगिक करारही निरर्थक होते. जेथे न्यायालय वसुली करून देत नाही तेथे वसुली करणारे दुसरे लोक निर्माण होतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादास त्यात स्थान ठेवलेले नाही, आणि शिक्षेचा रोख खेळणाऱ्यापेक्षा खेळविणाऱ्यावर आहे. कायद्याच्या भाषेत तो पण सट्टाच आहे. उदगीरच्या बोलण्यात मात्र मराठी माणूस त्यास पैज म्हणू शकतो आणि दखनी बोलणारा शर्त. त्या दोहोंत नेमक्या शब्दाच्या अधिक जवळ दखनी बोलणारा आहे, कारण अट हा अर्थ त्याच्या शब्दातून अजून पुसला गेलेला नाही.