४२.३४ मीटर : सुट्या भागांतून उभा राहिलेला आवाज

१/ ९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी असताना अशा वार्ता देशभर पोहोचवायच्या कशा? मुंबईत नुकतेच सुरू झालेले गुप्त 'काँग्रेस रेडिओ' हे त्याचे एक उत्तर होते.

२/ महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले व प्रक्षेपक जमा करण्यास फर्मावले. तयार यंत्र उघडपणे घेणे अशक्य झाले. म्हणून उषा मेहता, बाबूभाई खाकर प्रभृतींसाठी नरिमन प्रिंटर या जाणकाराने सुट्या भागांतून प्रक्षेपक जुळवला. 'शिकागो रेडिओ'च्या नानक मोटवानी यांचेही साहाय्य लाभले.

३/ तरंगलांबी होती ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, आजच्या हौशी ४० मीटर पट्ट्यातलीच. आजचा रिपीटर डोंगरमाथ्यावर क्षीण संदेश झेलून पुन्हा प्रक्षेपित करतो. लघुलहरी मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात. म्हणूनच एका खोलीतले अल्पशक्तीचे यंत्रही शेकडो मैल ऐकू जाऊ शकते.

४/ चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची वार्ता या केंद्राने दिली. पोलिसांना माग लागू नये म्हणून बिऱ्हाड वारंवार हलवले जाई.

५/ १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला. ज्याने यंत्र जुळवले, त्या प्रिंटरनेच पोलिसांना माहिती दिली होती. बावीस वर्षांच्या उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.