पंप

पंप : (जन्म ९०२). आद्य कन्नड महाकवी. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या वेमुलवाडच्या (तेलंगण) चालुक्य घराण्यातील दुसरा अरिकेसरी याचा राजकवी. तो योद्धाही होता. त्याचे पूर्वज वैदिक ब्राह्मण. तथापि वडिलांनी जैन धर्म स्वीकारला होता. भाऊ जिनवल्लभ याचा कुर्क्याळ येथील संस्कृत, कन्नड व तेलुगू शिलालेख त्याच्या कुलवृत्तांताचे महत्त्वाचे साधन होय. अरिकेसरीने पंपाला धर्मपुर हा अग्रहार दिल्याचे त्यावरून समजते.

आदिपुराण (९४१) व विक्रमार्जुनविजय ऊर्फ पंपभारत ही त्याची दोन चंपूकाव्ये. पहिल्यात जिनसेनाच्या संस्कृत ग्रंथाच्या आधारे प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचे चरित्र वर्णिले असून, दुसऱ्यात १४ आश्वासांत महाभारतकथा आहे. एकात जिनागम व दुसऱ्यात लौकिक विषय, असा भेद त्याने स्वतःच केला आहे.

पंपभारतात अरिकेसरी व अर्जुन यांचा अभेद कल्पिला आहे. त्यासाठी पंपाने मूळ कथेत मोठे फेरफार केले. द्रौपदी एकट्या अर्जुनाची पत्नी ठरते आणि युद्धानंतर अर्जुन व सुभद्रा यांना राज्याभिषेक होतो. त्यामुळे कथेत काही विसंगतीही शिरल्या. द्रौपदीच्या विटंबनेचा सूड पतीऐवजी भीमाने का घ्यावा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

राजस्तुती हे प्रयोजन असूनही पंपाने प्रतिपक्षाला न्याय दिला. कर्णाचे औदार्य, सत्यनिष्ठा व स्वामिनिष्ठा त्याने इतक्या आत्मीयतेने रंगविली आहे, की अर्जुनाच्या विजयकाव्यात वाचकाचे मन कर्णाकडे ओढले जाते. यामागे तत्कालीन सामंती जीवनाचा संदर्भ आहे. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यासाठी प्राण वेचणे, हा त्या काळचा वीरधर्म होता. स्वतः अरिकेसरीने मात्र चौथा गोविंद या राष्ट्रकूट अधिराजाविरुद्ध उठून बद्देगास (तिसरा अमोघवर्ष) सत्ता मिळवून दिली. हा पराक्रम पंपाने गौरविला. अशा प्रकारे अधिराजाविरुद्ध उठणारा आश्रयदाता आणि पराभव दिसत असूनही स्वामीला न सोडणारा कर्ण या दोघांचा गौरव एकाच काव्यात आढळतो.

ही परंपरा रन्नाने पुढे नेली. साहसभीमविजय ऊर्फ गदायुद्ध या काव्यात त्याने चालुक्य राजा सत्याश्रय याचे भीमाशी तादात्म्य कल्पिले. पण तेथेही पराभूत दुर्योधनाला उदात्तता लाभली. पंप, पोन्न व रन्न हे कन्नड साहित्यात ‘रत्नत्रय’ म्हणून ओळखले जातात.